डाव्या बाजूचा खड्डा आणि ऐंशी टक्क्यांचा दावा

नौपाड्यात गोखले रस्त्याच्या एका गल्लीत माझे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंचे दुकान आहे. २०२२ च्या दिवाळीआधी मी तेथे माप द्यायला गेले, तेव्हा त्यांनी छातीवरून टेप फिरवली, डावीकडे येऊन हात थांबवला, पुन्हा एकदा टेप लावली आणि दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, "ताई, डाव्या कटोरीचा टक कमी घेऊ, की आतून पातळसा पॅड शिवून देऊ?" मी त्यांना आजाराविषयी अक्षरानेही सांगितलेले नव्हते. घरातली सगळी माणसे वर्षभर "काही कळून येत नाही गं" असे म्हणत होती आणि मीही ते मानून चालले होते. टेपला मात्र ते कळले.

२०२१ मध्ये माझ्या डाव्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली. स्तन वाचवून केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढण्याची ती शस्त्रक्रिया होती, आणि तिच्यानंतर पंधरा दिवस रेडिएशन झाले, ज्याला आमच्या प्रतीक्षाकक्षात सगळ्या बायका 'लाइट' म्हणत. शस्त्रक्रियेनंतर लगेच फारसा फरक दिसत नव्हता. खड्डा पडला तो पुढच्या आठ-दहा महिन्यांत, कारण रेडिएशनने आतील ऊती हळूहळू आक्रसत जातात, रक्तवाहिन्या विरळ होतात आणि कातडी खालच्या थराला चिकटून आत ओढली जाते. खालच्या बाहेरच्या बाजूला अर्धे लिंबू मावेल एवढी खोलगट जागा तयार झाली होती आणि तिच्यावरची कातडी तबल्याच्या पानासारखी ताणलेली होती.

त्या प्रतीक्षाकक्षात भेटलेल्या कळव्याच्या एका बाईंचा पूर्ण स्तन काढलेला होता. त्यांनी जुन्या सुती धोतराची पिशवी शिवून तिच्यात मोहरी भरली होती आणि ती किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतली होती, पाव किलोला थोडी कमी. मोहरीच का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की ती अंगाबरोबर सरकते, टोचत नाही, आणि मुख्य म्हणजे तिला वजन असते. कापूस भरला की खांदा एका बाजूने वर उचलला जातो आणि संध्याकाळी पाठ धरते. हे बोलताना त्यांच्या स्वरात कोठेही कीव नव्हती. पावसाळ्यात पिशवी उन्हाला लावता येत नाही, ही त्यांची एवढी एकच तक्रार होती. स्तनाची पुनर्रचना म्हणजे दिसण्याची हौस, असे समजणाऱ्यांनी ती पिशवी एकदा हातात घेऊन पाहावी.

माझ्या बाबतीत अर्ध्या लिंबाचाच प्रश्न होता, म्हणून मी चौकशी सुरू केली आणि पहिल्याच फेरीत घोडबंदर रस्त्यावरच्या एका चकचकीत दवाखान्यात पोहोचले. त्या दवाखान्याचे नाव मी येथे घेणार नाही. तेथील समुपदेशक मुलीने माझ्या हातात गुळगुळीत कागदाचे पत्रक ठेवले. पोटातील चरबी काढायची, तिच्यातून स्टेम सेल म्हणजे मूळपेशी त्याच दिवशी वेगळ्या करायच्या, त्या पुन्हा चरबीत मिसळायच्या आणि ती स्तनात भरायची, अशी योजना होती. साध्या पद्धतीत चरबी विरघळून जाते, आमच्या पद्धतीत ८० टक्के टिकते, असे पत्रकात ठळक अक्षरांत छापले होते. खर्च साडेचार लाख रुपये, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग केवळ 'स्टेम सेल प्रक्रिया' या एका ओळीचा.

माझी पस्तीस वर्षे विमा कार्यालयात दाव्यांच्या फाइली तपासण्यात गेली. ठळक अक्षरांतला आकडा दिसला की तो कोणाचा, कोठला आणि कोणत्या अटींवरचा, हे पाहिल्याशिवाय पुढचे पान उलटायचे नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. पत्रक घरी आणले आणि लेकीला लॅपटॉप उघडायला लावला.

चरबी एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवण्याची कल्पना मला वाटली होती त्यापेक्षा फार जुनी निघाली. जर्मनीत गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडाची चरबी घेऊन चेहऱ्यावरच्या व्रणाचा खड्डा भरला होता, आणि १८९५ मध्ये हायडेलबर्गच्या विन्सेन्झ चेर्नी यांनी एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढल्यानंतर तिच्याच कमरेवरची चरबीची गाठ त्या जागी बसवली होती. पुढे लायपोसक्शन आले, चरबी नळीने ओढून सुईने भरता येऊ लागली, आणि मग १९८७ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी भरण्याला स्पष्ट विरोध केला. भरलेल्या चरबीतील जो भाग मरतो त्यात पुढे चुन्याचे कण साचतात, आणि ते मॅमोग्राफीत कर्करोगाच्या कणांसारखे दिसू शकतात, अशी ती भीती होती. सुमारे वीस वर्षे ही वाट जवळजवळ बंदच राहिली. प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी चरबी हळुवारपणे काढण्याची, फिरवून स्वच्छ करण्याची आणि बारीक बारीक रेषांत भरण्याची पद्धत बसवली, दरम्यान क्ष-किरणतज्ज्ञांनाही हे कण ओळखण्याचा सराव झाला, आणि २००९ मध्ये अमेरिकी संघटनेच्याच अभ्यासगटाने आपला आधीचा सूर सौम्य केला.

मूळपेशी या कथेत उशिरा येतात. २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की लायपोसक्शनमध्ये निघालेल्या, एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीत अशा पेशी असतात ज्यांच्यापासून प्रयोगशाळेत चरबी, हाड, कूर्चा आणि स्नायू या प्रकारच्या पेशी घडवता येतात. अस्थिमज्जेच्या तुलनेत त्या चरबीत कितीतरी अधिक सापडतात आणि काढायला सोप्या असतात. मग जपानमध्ये कोतारो योशिमुरा यांच्या गटाने विचार केला की काढलेल्या चरबीतील निम्म्या भागातून या पेशी वेगळ्या कराव्यात आणि त्या उरलेल्या निम्म्या चरबीत घालून तिला 'सकस' करावे. २००६ पासून या पद्धतीवर त्यांचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले आणि २००८ मध्ये त्यांनी स्तनांसाठी ती वापरलेल्या ४० स्त्रियांचा अनुभव मांडला. पेशी वेगळ्या करण्यासाठी चरबी कोलॅजिनेज नावाच्या विकरात (एन्झाइममध्ये) शरीराच्या तापमानाला घुसळतात. पेशींना धरून ठेवणारे जाळे त्यात विरघळते, आणि मग फिरवल्यावर तळाशी लालसर साका बसतो. त्या साक्यात केवळ मूळपेशी नसतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या, रोगप्रतिकाराच्या आणि इतरही पुष्कळ पेशी असतात. पत्रकात या सगळ्या मिश्रणाला सरसकट 'स्टेम सेल' म्हटले होते.

भरलेली चरबी टिकते कशी, हे मला माहेरच्या शेतावरून समजले. आमचे गाव मुरबाडकडचे. भाताची लावणी करताना एका चुडात दोन-तीन रोपेच धरायची असतात. कोणी घाईने मूठभर रोपे एकदम खोचली तर कडेची जगतात आणि मधली कुजतात. चरबीचेही तसेच आहे. नव्या जागी तिला स्वतःची रक्तवाहिनी नसते, आसपासच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर काही दिवस काढावे लागतात, आणि योशिमुरांच्याच प्रयोगांनुसार गोळ्याच्या काठापासून जेमतेम ०.३ मिलिमीटरपर्यंतच्या चरबीच्या पेशी त्यात जगतात. त्याच्या आतल्या पट्ट्यातील चरबीच्या पेशी एखाद्या दिवसात मरतात, पण तेथील मूळपेशी अधिक चिवट असतात. त्या दोन-तीन दिवस तग धरतात, मरणाऱ्या पेशींच्या संकेतांनी जाग्या होतात, आणि नव्या चरबीपेशी घडवतात व रक्तवाहिन्या वाढण्यास मदत करतात. अगदी मधोमध मात्र सगळेच मरते आणि तेथे तेलाची पुटकुळी किंवा व्रण उरतो. म्हणजे साध्या चरबीभरणातही काम अंशतः मूळपेशीच करत असतात. त्या तेथे आधीपासून असतातच. प्रश्न एवढाच, की बाहेरून आणखी घातल्याने पीक किती वाढते.

येथे मी त्या ८० टक्क्यांचा माग काढू लागले. तो आकडा मला कोपनहेगनच्या एका प्रयोगात सापडला, जो २०१३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मूळपेशी घातलेली चरबी सुमारे चार महिन्यांनी ८०.९ टक्के टिकली होती आणि न घातलेली अवघी १६.३ टक्के. वाचून क्षणभर मीही चमकले. पण फाइल पुढे वाचली तर कळले की ते दहा निरोगी स्वयंसेवक होते, चरबी दंडात भरलेली होती, त्या जागी कर्करोग, शस्त्रक्रिया, रेडिएशन यांतले काहीही झालेले नव्हते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेशी प्रयोगशाळेत सुमारे दोन आठवडे वाढवून चरबीच्या दर मिलिलिटरला २ कोटी इतक्या प्रचंड संख्येने घातल्या होत्या. 'त्याच दिवशी' वेगळ्या केलेल्या साक्याचा या आकड्याशी काही संबंध नाही. त्याच वर्षी फिनलंडमधील शल्यचिकित्सकांनी स्तनात भरलेल्या चरबीची तुलना प्रसिद्ध केली, काही स्त्रियांमध्ये त्याच दिवशी काढलेल्या पेशी घालून आणि काहींमध्ये न घालता, आणि त्यांना टिकण्यात फरक आढळला नाही. युरोपात स्तन वाचवलेल्या स्त्रियांवर, म्हणजे माझ्यासारख्यांवर, झालेला रिस्टोर-२ हा अभ्यास २०१२ मध्ये आला होता. त्यात बहुतेक स्त्रिया वर्षानंतर समाधानी होत्या, पण तुलनेसाठी साध्या चरबीचा गटच नव्हता, त्यामुळे समाधान चरबीचे की पेशींचे हे त्यातून ठरवता येत नाही. आमच्या कार्यालयात असा दावा आला असता तर मी लाल शाईने 'कागदपत्रे अपुरी' असे लिहून परत पाठवला असता.

पत्रक पिशवीत घालूनच मी वाशीच्या एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे गेले. ठाण्याहून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून सुटणारी गाडी पकडली की हा प्रवास बसून करता येतो, हा ठाणेकरांचा छोटासा आनंद. त्यांनी पत्रक वाचले, घडी करून मला परत दिले आणि म्हणाल्या, "काकू, मूळपेशी तुमच्या पोटातल्या चरबीत आहेतच. मी त्यांना वेगळं काढत नाही आणि त्यांचं वेगळं बिलही करत नाही." मग त्यांनी स्पष्ट केले की रेडिएशन झालेल्या जागी एका बैठकीत काम भागत नाही, भरलेल्यातील काही भाग नक्की विरणार, आणि तो किती हे आधी सांगता येत नाही, म्हणून दुसरी बैठक गृहीत धरूनच चालावे. रेडिएशनने कडक झालेल्या कातडीखाली चरबी भरल्याने ती कातडीच मऊ होते, हे त्यांनी मला बोलता बोलता सांगितले. २००७ मध्ये इटलीतील जिनो रिगोट्टी यांनी रेडिएशनच्या जुन्या जखमा असलेल्या २० रुग्णांवर असेच पाहिले होते, हे मी नंतर वाचले.

मला खरी भीती होती ती वेगळीच. ज्या पेशी रक्तवाहिन्या वाढवतात आणि ऊती जागवतात, त्या एखादी लपलेली कर्करोगाची पेशीही जागवणार नाहीत कशावरून? ही शंका खुळी नाही, असे त्यांनीच सांगितले. प्रयोगशाळेतील ताटलीत या मूळपेशींच्या सहवासात कर्करोगाच्या पेशी जोमाने वाढलेल्या पाहण्यात आल्या आहेत. माणसांमध्ये मात्र साध्या चरबीभरणाचा अनुभव आता मोठा आहे; ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने २०१६ मध्ये शेकडो स्त्रियांची तुलना मांडली आणि चरबी भरलेल्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. वेगळ्या काढून वाढवलेल्या पेशींच्या बाबतीत एवढा मोठा आणि लांब पल्ल्याचा हिशेब उपलब्ध नाही. त्यामुळे आजाराची खूण नसलेली दोन वर्षे पूर्ण होऊ द्यायची, ताजी मॅमोग्राफी व सोनोग्राफी करायची, कर्करोगतज्ज्ञांची लेखी संमती घ्यायची आणि मगच तारीख ठरवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. मी पाच महिने थांबले.

शस्त्रक्रिया २०२३ च्या श्रावणात झाली. भूल पूर्ण होती, त्यामुळे मी काहीच पाहिले नाही. पण माझ्या आग्रहावरून सर्जनबाईंनी एक छायाचित्र काढून ठेवले होते आणि ते मी अनेकदा पाहिले आहे. स्टीलच्या स्टँडवर दहा मिलिलिटरच्या चौदा सिरिंजा तोंड खाली करून उभ्या आहेत. प्रत्येकीत तीन थर: वर फुटलेल्या पेशींचे पिवळे, पारदर्शक तेल, मध्ये दाट, फिकट केशरी, रवाळ चरबी, तळाला सलाईन आणि रक्त मिसळलेले गुलाबी पाणी. लोणी कढवल्यानंतर पातेल्यात वर तूप आणि खाली बेरी दिसते, त्याची आठवण झाली, फरक एवढाच की येथे तूप टिपून टाकायचे आणि मधला थर जपायचा. पोटात आधी सलाईन, ॲड्रिनॅलिन आणि बधिर करणारे औषध सोडतात, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी जाते. मग बोथट नळीने चरबी ओढतात. माझी १४० मिलिलिटर ओढली, गाळून झाल्यावर ७५ मिलिलिटर उरली, आणि ती बाजरीच्या दाण्याच्या जाडीच्या नळीने, नळी मागे घेताना एक एक रेष सोडत, वेगवेगळ्या थरांत भरली. एकाच जागी गोळा सोडायचा नाही. मुरबाडच्या बायकांना हे शिकवावे लागले नसते.

पोट स्तनापेक्षा कितीतरी पट दुखले, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून येथे लिहिते. तीन आठवडे पट्टा बांधावा लागला आणि कमरेची निळी-जांभळी झालेली कातडी महिन्याने ताळ्यावर आली. स्तन मात्र पहिल्या पंधरा दिवसांत सुजेमुळे अगदी भरल्यासारखा दिसत होता आणि मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते. तीन महिन्यांनी त्यातले निम्मे ओसरले. दुसरी बैठक २०२४ च्या मार्चमध्ये झाली, आणि तिच्यानंतर जे राहिले ते आजवर राहिले आहे. खड्डा पूर्ण गेला असे म्हणता येणार नाही, पण कातडी चिमटीत धरता येते, आणि पूर्वी ती तशी धरता येत नव्हती.

मधल्या काळात एक रात्र फार वाईट गेली. दुसऱ्या बैठकीनंतर चार महिन्यांनी अंघोळीच्या वेळी हाताला वाटाण्याएवढी टणक गाठ लागली. सोनोग्राफीत ती तेलाची पुटकुळी निघाली. म्हणजे मध्यभागी मेलेली चरबी, जिच्याभोवती शरीराने भिंत बांधली होती. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना चरबी भरल्याची तारीख व जागा लिहिलेला कागद दाखवला, तेव्हा त्यांचा चेहरा सैल झालेला मला दिसला. तो कागद मी आता प्रत्येक मॅमोग्राफीला घेऊन जाते, आणि ज्यांचे हे झाले आहे त्या प्रत्येकीने तो न्यावा.

पैशांविषयी, कारण तो माझा प्रांत आहे. विमा कंपनीने माझा दावा आधी 'सौंदर्यवर्धक उपचार' म्हणून फेटाळला. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित वगळणुकींमध्ये सौंदर्यवर्धक व प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे हे खरे, पण त्याच वाक्यात पुढे अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना अपवाद म्हणून नोंदवलेली आहे. मी ते कलम उद्धृत करून, कर्करोगतज्ज्ञांचे पत्र जोडून फेरविचाराचा अर्ज केला आणि सहा आठवड्यांत रक्कम जमा झाली. मूळपेशींची मात्र गोष्ट वेगळी. प्राधिकरणाने नव्या उपचारांच्या यादीत मूळपेशी उपचार घेतला आहे तो रक्ताच्या आजारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही याच दिशेने जातात: रक्त घडवणाऱ्या मूळपेशींचे ठरावीक उपयोग सोडले, तर बाकी वापर मंजुरी घेतलेल्या आणि नोंदणी झालेल्या चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. साडेचार लाखांच्या पत्रकाला यात जागा कोठे आहे, ते मला दिसत नाही.

स्वतःचीच चरबी, मग धोका कसला, असे त्या समुपदेशक मुलीने मला विचारले होते. २०१७ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात तीन वृद्ध स्त्रियांची हकीकत आली. फ्लोरिडातील एका दवाखान्याने त्यांच्याच पोटातील चरबीपासून काढलेल्या पेशी त्यांच्या डोळ्यांत टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली. स्तन म्हणजे डोळा नव्हे, हे मी जाणते. पण 'स्वतःची' हा शब्द सुरक्षिततेचा दाखला म्हणून चालत नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने विकराने वेगळ्या केलेल्या अशा पेशीमिश्रणाला औषधाचे नियम लागू होतात असेच ठरवले.

या संशोधनाविषयी माझ्या मनात आकस नाही. कोपनहेगनच्या प्रयोगासारखे काम रेडिएशन झालेल्या स्तनांवर, पुरेशा स्त्रियांमध्ये आणि पुरेशी वर्षे लक्ष ठेवून झाले, तर कळव्याच्या त्या बाईंना मोहरी उन्हात घालावी लागणार नाही, आणि ते मला पाहायला आवडेल. खारघरच्या ॲक्ट्रेकसारखे कर्करोग संशोधनाला वाहिलेले केंद्र आपल्याच भागात आहे. चाचणीत भाग घ्यायचा असेल तर अशा संस्थेच्या दारात विचारावे.

घोडबंदरच्या दवाखान्याकडे माझा फोन नंबर राहिला आहे, त्यामुळे सणासुदीला त्यांचे संदेश येत असतात. गेल्या खेपेला मी उत्तरादाखल एवढेच विचारले की तुमच्या उपचाराचा भारतीय चाचणी नोंदवहीतील क्रमांक कळवावा. दोन दिवसांनी उत्तर आले: "मॅम, पाडव्यापर्यंत पॅकेजवर दहा टक्के सवलत आहे."